आठ आठवड्यांत बसेल एवढा मेंदू

उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करायचं असेल, तर हालचाल दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करावी लागते. बहुतेकांना हे परीक्षा तोंडावर आल्यावर, एप्रिलमध्ये कळतं. तोवर मोठ्या संस्थांच्या निवडयाद्या लागलेल्या असतात आणि मग कुणाच्या ओळखीने कुठे ‘सर्टिफिकेट’ मिळेल का, याची शोधाशोध सुरू होते. हा लेख बीएस्सी, बीटेक, एमबीबीएस किंवा मानसशास्त्राच्या बीएला असलेल्या, आणि अजून एक-दोन वर्षं हाताशी असलेल्या मुलामुलींसाठी आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य महाविद्यालयांत न्यूरोसायन्स हा स्वतंत्र विषय नसतो. त्याने काही अडत नाही. या क्षेत्रात प्राणिशास्त्रवाले येतात, भौतिकशास्त्रवाले येतात, संगणकवाले तर हल्ली फारच येतात, आणि उरलेलं सगळे जण लॅबमध्येच शिकतात.

सगळ्यात रुंद दार म्हणजे तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी मिळून ती चालवतात. एक अर्ज भरला की देशभरातल्या संस्थांमधल्या मार्गदर्शकांपर्यंत पोहोचता येतं. आवडीच्या विषयावर छोटं टिपण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. काम दोन महिन्यांचं असतं आणि विद्यावेतन मिळतं. मुंबईत टीआयएफआरचा ‘व्हीएसआरपी’ हा वेगळा कार्यक्रम आहे. त्यात जीवशास्त्रासाठीच्या अटी भौतिकशास्त्राच्या अटींहून वेगळ्या असतात, त्यामुळे आपल्या वर्षाला अर्ज करता येतो का हे आधी वाचा. पुण्याची आयसर, बंगळुरूची एनसीबीएस आणि आयआयएस्सीचं न्यूरोसायन्स केंद्र, दिल्लीजवळ मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, या ठिकाणीही उन्हाळ्यात विद्यार्थी येतात. कुठे संस्थेचा अर्ज भरावा लागतो, तर कुठे प्राध्यापकांना थेट लिहावं लागतं. नियम दर वर्षी थोडे बदलतात. मागच्या वर्षीच्या सीनियरने सांगितलेली तारीख धरून बसू नका, संकेतस्थळ उघडून बघा.

बारावीनंतर ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती मिळाली असेल, तर उन्हाळी प्रकल्प हा तिचा भागच आहे. वर्षाच्या ८० हजारांपैकी २० हजार त्यासाठीच धरलेले असतात. अनेक मुलं हा प्रकल्प आपल्याच कॉलेजात दोन पानांचा अहवाल लिहून उरकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे. तिचं वैशिष्ट्य असं की प्रस्ताव विद्यार्थ्यानेच लिहायचा असतो. फिट येणारे रुग्ण, पक्षाघातानंतरचं गिळणं, मधुमेहींच्या पायांची संवेदना असे मज्जासंस्थेचे कितीतरी प्रश्न जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीतच उभे असतात. त्यांच्यासाठी बंगळुरू गाठायची गरज नाही.

परदेशी कार्यक्रमांबद्दल एक इशारा. इंटरनेटवर शोध घेतला की अमेरिकेतल्या ‘आरईयू’ नावाच्या उन्हाळी कार्यक्रमांची रांग लागते. त्यांना तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचं अनुदान असतं आणि ते अमेरिकी नागरिकांना व तिथल्या कायम रहिवाशांनाच खुले असतात. ही अट तळाशी बारीक अक्षरात असते. अर्धा अर्ज भरून झाल्यावर ती वाचण्यात अर्थ नाही. न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या मराठी घरांतल्या, तिथलंच नागरिकत्व असलेल्या मुलांनी मात्र ही संधी जरूर घ्यावी. भारतातून जायचं असेल तर कॅनडाचा मायटॅक्स ग्लोबलिंक, जर्मनीची डाड-वाइज शिष्यवृत्ती, जपानमधल्या ओकिनावाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेची इंटर्नशिप यांच्या अटी तपासा. आणि जिथे तुमच्याकडूनच फी घेऊन, पंधरा दिवसांत, ऑनलाइन, ‘न्यूरोसायन्स रिसर्च इंटर्न’ असं प्रमाणपत्र देतात, तिकडे फिरकू नका. निवड समितीतल्या माणसाला ते प्रमाणपत्र कुठून आलं हे एका नजरेत कळतं.

आता मूळ मुद्दा. अर्जात ‘मला चेतना म्हणजे काय ते शोधायचं आहे’ किंवा ‘अल्झायमरवर उपाय शोधायचा आहे’ असं लिहिणाऱ्यांची कमी नसते. भावना चांगली आहे, पण माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि तुमच्या हातात आठ आठवडे. त्या आठ आठवड्यांत काय करता येईल, हे संस्थेच्या नावापेक्षा किंवा विषयाच्या भव्यतेपेक्षा एका साध्या गोष्टीवर ठरतं: तुम्ही ज्या प्राण्यावर काम करणार, त्याचं आयुष्य किती भरभर पुढे सरकतं. लॅब निवडताना मी तरी आधी हे बघायला सांगेन.

फळमाशीचं उदाहरण घेऊ. पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावणारी ही चिलटं. २५ अंश तापमानात अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंत साधारण दहा दिवस लागतात. पुष्कळ प्रयोगांत दोन वेगळ्या जनुकीय वाणांचा संकर करावा लागतो, कधी एकापाठोपाठ दोन संकर. म्हणजे पहिल्या दिवशी संकर लावला तरी मोजण्यासारख्या माश्या हाती यायला तीन-चार आठवडे सहज जातात. संकरासाठी माद्या अजून नराशी न मिळालेल्या हव्यात. कोशातून बाहेर आल्यावर पहिले आठेक तास माशी मीलन करत नाही, त्यामुळे सकाळी जुन्या माश्या झाडून टाकायच्या आणि दुपारी नव्या माद्या वेचायच्या, असा दिनक्रम पडतो. रविवारी माश्या सुट्टी घेत नाहीत. ज्या विद्यार्थ्याने पहिला आठवडा ‘जरा स्थिरस्थावर होऊ’ म्हणून घालवला, त्याचा प्रयोग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तयार होतो, आणि तोवर त्याचं परतीचं तिकीट निघालेलं असतं.

तरीही पदवीच्या विद्यार्थ्याला मी माशीच सुचवेन. ती स्वस्त आहे, तिच्यासाठी प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागत नाही, आणि आपल्या देशात या कामाला मोठी परंपरा आहे. ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये होमी भाभांच्या आमंत्रणावरून टीआयएफआरमध्ये रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा केला. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी अमेरिकेत सीमूर बेंझर यांच्यासोबत, तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या उत्परिवर्तित माश्यांच्या चेतासंस्थेचा अभ्यास केला, आणि मुंबईत परतल्यावर माशीला वास आणि चव कशी कळते यावर काम केलं. बंगळुरूची एनसीबीएस याच कामातून उभी राहिली. २०२४ मध्ये प्रौढ माशीच्या संपूर्ण मेंदूचा, सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा, जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला आणि तो कुणालाही विनामूल्य उघडून बघता येतो. तुमच्या प्रयोगातली पेशी कुठल्या पेशीशी जोडलेली आहे हे मोबाइलवर बघता येण्याचे दिवस आले आहेत. आधीच्या पिढीतल्या संशोधकांना याचा हेवा वाटला तर नवल नाही.

सी. एलेगन्स हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा कृमी त्याहून घाईचा. तीन-साडेतीन दिवसांत नवी पिढी. त्याच्या उभयलिंगी प्रकारात बरोबर ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांची सगळी जोडणी १९८६ मध्येच छापून आली. टीआयएफआरमध्ये संध्या कौशिका यांच्या गटात या कृमीच्या लांब चेतातंतूंमधून मालाची ने-आण कशी होते, हे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत प्राण्यात बघितलं जातं. कृमी पारदर्शक असल्यामुळे ते शक्य होतं. प्लॅटिनमच्या बारीक तारेने एक कृमी उचलून दुसऱ्या बशीत ठेवणं जमायला आठवडा लागतो. तोवर मान दुखते आणि बरेच कृमी मरतात. हे सगळ्यांचंच होतं.

उंदरांचं तसं नाही. गर्भ तीन आठवड्यांचा, प्रौढ व्हायला आणखी सहा ते आठ आठवडे. म्हणजे उन्हाळ्यात आलेल्या विद्यार्थ्याला उंदरांची पैदास करून प्रयोग लावणं अशक्यच. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची समिती आणि संस्थेची नैतिकता समिती यांच्या मंजुरीशिवाय कुणी उंदराला हात लावू शकत नाही, आणि दोन महिन्यांच्या पाहुण्याचं नाव त्या मंजुरीत घालणं बहुतेक ठिकाणी जमत नाही. मग अशा लॅबमध्ये काय करायचं? मंजुरी असलेल्या संशोधकाने आधीच जमवून ठेवलेल्या मेंदूच्या कापांवर रंग चढवणं, सूक्ष्मदर्शकाने चित्रं काढणं, पेशी मोजणं, उंदरांच्या वागण्याच्या व्हिडिओंचं विश्लेषण करणं. यात कमीपणा मानू नका. टीआयएफआरमध्येच विदिता वैद्य यांचा गट ताण, सेरोटोनिन आणि मनोवस्था यांवर, तर शुभा टोळे यांचा गट गर्भावस्थेत मेंदूची घडण कशी होते यावर काम करतो. अशा कामांत कित्येक निष्कर्ष शेवटी कुणीतरी तासन् तास बसून मोजलेल्या पेशींवरच उभे असतात.

उंदीर मारले जाण्याचा विषय आधी स्वतःशी बोलून घ्या. हल्ली पदवीच्या वर्गातलं विच्छेदन जवळपास बंद झाल्यामुळे अनेकांनी आयुष्यात बेडूकही कापलेला नसतो. घरी माळकरी वातावरण असेल, किंवा नुसतंच मनाला पटत नसेल, तर ते मार्गदर्शकाला पहिल्याच पत्रात सांगावं. कुणी रागावत नाही. माशी, कृमी, माणसांवरचे ईईजी प्रयोग किंवा संगणकावरचं काम, असे बरेच रस्ते आहेत. तिथे पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी रडू येणं मात्र सगळ्यांनाच जड जातं.

माणसांवरच्या प्रयोगांत प्राण्याच्या आयुष्याचा प्रश्न नसतो, पण स्वयंसेवकांचा असतो. मे महिन्यात कॅम्पस रिकामा असतो, परीक्षा संपून मुलं गावी गेलेली असतात. ईईजीच्या लॅबमध्ये जाणार असाल तर मार्गदर्शकांना एकच विचारा: स्वयंसेवक कुठून येणार? आणि आणखी एक, फक्त आपल्याकडेच लागू होणारी गोष्ट. डोक्याला तेल चोपडून आलेल्या माणसावर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत. संकेत गोंगाटाने भरून जातो. ‘आदल्या रात्री तेल लावू नका, सकाळी शाम्पू करून या’ हे निरोपात ठळक लिहा. पहिला प्रयोग म्हणून डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात उमटणाऱ्या ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरी नोंदवून बघा. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये जे छापलं ते तुमच्या मैत्रिणीच्या डोक्यावर दिसलं की यंत्रणा बरोबर चालते आहे एवढी खात्री तरी होते.

आणि संगणक. तिथे कोणाचंही आयुष्यचक्र आड येत नाही. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये माखूळ या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवरून मांडलेली समीकरणं आज पायथनमध्ये दुपारभरात लिहून चालवता येतात. ‘न्यूरॉन’ किंवा ‘ब्रायन’ यांसारख्या मोफत प्रणाली आहेत. सोडियमच्या वाहिन्या कमी केल्या तर संदेश कुठे थांबतो, हे स्वतः आकडे बदलून बघितल्यावर पुस्तकातला तो आलेख कायमचा कळतो. गणिताची भीती नसलेल्या बीटेकच्या विद्यार्थ्याला आठ आठवड्यांत पुरा होणारा प्रश्न इथेच सहज सापडेल.

आता पत्राकडे. प्राध्यापकांना रोज इतके ईमेल येतात की त्यांतले बहुतेक दोन ओळींनंतर बंद होतात. ‘रिस्पेक्टेड सर’ असं एका बाईंना लिहिलेलं. चाळीस जणांना एकाच वेळी पाठवलेलं, आणि चाळीसही पत्ते वर दिसणारे. ‘युअर एस्टीम्ड इन्स्टिट्यूट’ असं म्हणून कुठली संस्था ते न सांगणारं. आणि हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेलं, ज्यात तुमच्या गावातला कुठलाच वारा नाही. त्याऐवजी त्या गटाचा एक शोधनिबंध घ्या. शीर्षक, सारांश आणि मग थेट चित्रं बघा. बहुतेक जीवशास्त्रीय निबंधांचा जीव चित्रांत असतो. एक चित्र निवडा, त्याची पद्धत वाचा, आणि तुम्ही जिथे अडखळलात ते दोन वाक्यांत लिहा: ‘तिसऱ्या चित्रात म्हाताऱ्या माश्या कमी चढतात असं दिसतं, पण त्या चालायलाच मंदावल्या असतील तर?’ असा प्रश्न बावळट असला तरी चालतो. पत्रावरून तुम्ही निबंध खरंच वाचलाय हे कळतं. मग तुमचं वर्ष, कुठल्या तारखांना मोकळे आहात, हाताला काय येतं, एवढं पुरे. एका पानाचा बायोडेटा, गुणपत्रिका, आणि शिक्षकांचं नाव. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, आणि मग दुसऱ्या गटाला लिहा.

तारखांचा घोळ खरा आहे. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा मेच्या मध्यापर्यंत लांबतात, आणि कार्यक्रम मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात. हे लपवू नका. ‘माझा शेवटचा पेपर अमुक तारखेला आहे, वेळापत्रक बदलू शकतं’ असं आधी सांगितलं तर बरेच मार्गदर्शक पंधरा दिवस उशिरा यायला परवानगी देतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात ऑन-जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट असतात; उन्हाळी संशोधन त्यात धरता येईल का, हे विभागप्रमुखांना जाण्याआधी लेखी विचारून ठेवा.

निवड झाल्यावर मधले दोन-तीन महिने कँडेलचा मेंदूविज्ञानावरचा जाडजूड ग्रंथ उशाशी घेऊन झोपण्यात घालवू नका. तो संदर्भासाठी आहे. सुरुवातीला बेअर, कॉनर्स आणि पॅराडिसो यांचं पुस्तक वाचा. पहिली पाच-सहा प्रकरणं नीट समजली तरी पुष्कळ झालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हाताची आणि हिशेबाची तयारी. मोलरता, सौम्यीकरण, दहापट तीव्र स्टॉकमधून किती मिलिलिटर घ्यायचं, ही गणितं नव्वद टक्के गुण मिळवलेल्या मुलांनाही लॅबमध्ये उभं राहिल्यावर येत नाहीत. रोज दोन करा. कॉलेजात मायक्रोपिपेट असेल तर १०० मायक्रोलिटर पाणी तराजूवर पुन्हा पुन्हा टाका. दर वेळी वजन १०० मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवं. बटण पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा आणि सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत जायचं, एवढंच गुपित आहे, पण ते हाताला कळावं लागतं. शिवाय फिजी ही चित्रविश्लेषणाची मोफत प्रणाली उतरवून घ्या आणि पायथनमध्ये आकड्यांची फाइल वाचून एक आलेख काढायला शिका.

लॅबमध्ये पोहोचल्यावर मार्गदर्शक तुम्हाला क्वचित दिसतील. तुमचे खरे शिक्षक म्हणजे पीएचडी करणारे दादा-ताया. त्यांचा स्वतःचा प्रबंध अडकलेला असतो, तरी ते तुम्हाला वेळ देतात, हे लक्षात ठेवा. अशा संस्थांत प्राध्यापकांनाही नावाने हाक मारायची पद्धत असते. पहिल्या आठवड्यात जीभ वळत नाही, पण गटातले सगळे जसं बोलतात तसंच बोला, त्यात उद्धटपणा नाही. प्रश्न विचारा, मात्र तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायची वेळ येऊ नये म्हणून वही जवळ ठेवा.

या वहीबद्दल थोडं सविस्तर. ती पेनाने लिहायची, पानांना क्रमांक द्यायचे, तारीख टाकायची, आणि फसलेला प्रयोगही तितक्याच नीट लिहायचा. द्रावणाची बाटली कुठल्या तारखेची, इनक्यूबेटरचं तापमान किती होतं, दुपारी वीज गेली होती का. मे-जूनमध्ये विजेचा लपंडाव झाला आणि माश्यांचं कपाट तापलं, तर तीन आठवड्यांनी येणारे विचित्र आकडे त्याच एका ओळीने उलगडतात. वही संस्थेची असते, परत जाताना ती तिथेच ठेवायची. कच्च्या चित्रांना कधीही हात लावायचा नाही. प्रत काढून तिच्यावर काम करायचं. फाइलचं नाव तारखेने सुरू करा. ‘फायनल २’, ‘फायनल खरं’ अशा नावांनी किती जणांचा जुलै वाया गेला असेल!

मोजण्याच्या बाबतीत दोन गोष्टी माझ्या मते बाकी सगळ्या प्रशिक्षणाएवढ्या मोलाच्या आहेत. पहिली, आंधळी मोजणी. कुठली बाटली उत्परिवर्तित माश्यांची आणि कुठली साध्या माश्यांची हे मोजताना तुम्हाला माहीत नसावं. लेबलं मित्राला झाकायला सांगा, त्याने क, ख, ग लिहावं, आणि सगळे आकडे भरल्यावरच किल्ली उघडावी. मन आपल्याला हवं तेच दाखवतं, आणि मेंदूच्या अभ्यासकाने तर हे पहिल्यांदा ओळखायला हवं. दुसरी, ‘किती’ची व्याख्या. तीन उंदरांच्या मेंदूच्या कापांतून तुम्ही तीनशे पेशी मोजल्या, तर तुमचा नमुना तीनशेचा नाही, तिघांचा आहे. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींसारख्याच असतात; त्यांना स्वतंत्र धरलं की फरक नसताना फरक दिसतो. छापून आलेल्या निबंधांतही ही चूक आढळते. जर्नल क्लबमध्ये तुम्ही हळूच ‘इथे एन म्हणजे काय?’ एवढं विचारलंत, तर सगळे तुमच्याकडे वळून बघतील.

माश्यांच्या चढण्याची चाचणी हे याचं छान सरावाचं मैदान आहे. कुपी टेबलावर हलकेच आपटून माश्या तळाशी पाडायच्या आणि ठरावीक सेकंदांत किती माश्या आखलेल्या रेघेच्या वर जातात ते मोजायचं. पार्किन्सनसारख्या आजाराच्या माशी-प्रतिमानांत ही चाचणी सर्रास वापरतात. दिसायला पोरखेळ, पण वय, लिंग, दिवसाची वेळ, खोलीचं तापमान, कुपीतल्या माश्यांची संख्या, सगळ्यांचा परिणाम होतो. कार्बन डायऑक्साइडने गुंगवून वेगळ्या केलेल्या माश्या त्याच दिवशी चढवू नयेत, एक दिवस सावरू द्याव्यात. एवढं सांभाळून पंधरा दिवसांत आलेला एक नेटका आलेख हा उन्हाळ्याचा उत्तम निकाल आहे, फरक सापडो वा न सापडो.

पैशाचं स्पष्ट सांगतो. विद्यावेतन अनेक ठिकाणी शेवटी किंवा उशिरा हाती येतं. पहिल्या महिन्याचं जेवण, प्रवास आणि वसतिगृहाची अनामत एवढी रक्कम घरून न्यावी लागते, हे आईवडिलांना आधीच सांगा. वसतिगृह मिळणार का, हे निवडपत्रात लिहिलेलं नसेल तर लगेच विचारा. मुंबईत कुलाब्याला किंवा बंगळुरूत दोन महिन्यांसाठी खोली शोधणं म्हणजे विद्यावेतनाला रामराम. बोनाफाइड, कॉलेजचं ना-हरकत पत्र, आधार, बँक पासबुकाची प्रत, आरोग्यविमा असेल तर त्याचं कार्ड, हे एका फोल्डरमध्ये ठेवा.

दोन महिन्यांत शोधनिबंधावर नाव येईल अशी अपेक्षा ठेवू नका आणि तशी मागणी तर मुळीच करू नका. कधी येतं, बहुतेकदा आभारांत येतं. तुमच्या हातात असतो तो निरोपाचा आठवडा. फ्रीझरमधल्या नळ्यांवर पुसला न जाणारा शाईचा मजकूर, माश्यांच्या वाणांची यादी, विश्लेषणाचा प्रोग्रॅम आणि तो कसा चालवायचा याच्या चार ओळी, हे सगळं दुसऱ्या कुणाच्या स्वाधीन करा. पुढे पीएचडीला अर्ज करताना शिफारसपत्र लागेल. मार्गदर्शकांना तुमचं नाव आठवेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या आठवड्यावर ठरतं.

आणि निवड नाही झाली तर? जागा कमी, अर्ज हजारो, त्यामुळे चांगल्या मुलांनाही नकार येतो. २०२० मध्ये सुरू झालेली न्यूरोमॅच अकॅडमी ही संगणकीय मेंदूविज्ञानाची तीन आठवड्यांची ऑनलाइन उन्हाळी शाळा आहे. देशानुसार फी कमी होते आणि तिचं शिकवण्याचं साहित्य कुणालाही मोफत वापरता येतं. हातांचं काम करायचं असेल तर कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना पटवा. म्हैसूर विद्यापीठात फळमाश्यांचं वाणकेंद्र आहे. तिथून साधा वाण मागवता येतो. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगार शिजवून त्यांचं खाद्य होतं. तरुण माश्या आणि महिनाभर म्हाताऱ्या केलेल्या माश्या, काचेच्या दोन कुप्या, मोबाइलचा कॅमेरा आणि एक रेघ. आलेख काढा आणि पुढच्या वेळी प्राध्यापकांना लिहाल त्या ईमेलला जोडा. खाली माश्यांचं वय, लिंग, तापमान आणि वेळ लिहायला विसरू नका.